प्रथम चरणापाशी थांबलेला कब: कोकण किनाऱ्यावरील एका पथकाचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली आणि गुहागर यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका बंदरगावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे कब पथक, म्हणजे स्काउट चळवळीतील दहा वर्षांच्या आतील मुलांचे पथक, चालते. या पथकातील तिसरीचा एक मुलगा प्रवेश घेऊन, दीक्षाविधी होऊनही त्यापुढच्या पहिल्या पायरीच्या, म्हणजे प्रथम चरणाच्या, चाचणीत दोनदा मागे राहिला. त्याच्याबरोबर दीक्षा घेतलेली इतर मुले तोवर पुढे गेली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने स्कार्फ घालणे सोडले आणि डिसेंबर संपता संपता शनिवारच्या पथकसभेला येणेही बंद केले. शाळेत मात्र तो रोज येत होता आणि वर्गात त्याच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. म्हणजे मुलाला शाळा नकोशी झालेली नव्हती, पथक नकोसे झाले होते. गाव, शाळा आणि मुले यांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत.

मार्गदर्शक म्हणून या पथकाला भेटी देण्याचे काम माझ्याकडे होते. दहा वर्षांच्या आतील मुलाने चढायच्या पायऱ्या त्याच्या स्वतःच्या प्रयत्नांवर मोजाव्यात, शेजारच्या मुलाच्या उंचीवर नव्हे, हे कब विभागाचे मूळ तत्त्व प्रत्येक प्रशिक्षित शिक्षकाला पाठ असते. तरीही गुणफलक, चाचणीची तारीख आणि पालकांच्या सहीची वही अशा साध्या सोयींमधून ते तत्त्व कोणाच्याही नकळत कसे गळून पडते, हे या एका मुलाच्या बाबतीत फार स्वच्छ दिसले. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

पायऱ्यांची रचना

भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या स्काउट संघटनांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली आणि पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५१ रोजी, गर्ल गाइड्सही तिच्यात सामील झाल्या. स्काउट आणि गाइड होण्याच्या वयाआधीच्या मुलांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल असे विभाग आहेत. पथकाचे छोटे गट असतात. साधारण सहा जणांच्या अशा गटाला सिक्स म्हणतात आणि त्याच्या प्रमुख मुलाला सिक्सर. पथक चालवणारे शिक्षक कागदोपत्री कबमास्टर असले, तरी मुलांसाठी ते 'अकेला' असतात, कारण पथकाचे सगळे वातावरण मोगलीच्या जंगलकथेवर उभे केलेले आहे आणि अकेला हा त्या कथेतला लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या.

मूल पथकात आले की त्याला लगेच बॅज मिळत नाही. वचन, नियम, सलामी, डाव्या हाताचे हस्तांदोलन, रोजचे एक सत्कृत्य यांची ओळख होते, काही काळ ते पथकात रुळते आणि मग दीक्षाविधीत वचन घेऊन ते 'प्रवेश' कब होते. त्यानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय आणि चतुर्थ असे चार चरण येतात. बुलबुलांच्या पायऱ्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख अशी सुंदर नावे आहेत. या सगळ्यांच्या वर राष्ट्रीय पातळीवरचा गोल्डन ॲरो पुरस्कार आहे. चरणांच्या जोडीने आवडीच्या विषयांतील प्रावीण्य पदके मिळवता येतात. सुरुवातीच्या पायऱ्यांची चाचणी पथकातच होते आणि जसजसे मूल वर जाते तसतशी ती पथकाबाहेरच्या परीक्षकांच्या हाती जाते. हा बदल पुढच्या विवेचनात महत्त्वाचा आहे.

कब विभागाची कल्पना स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी १९१६ मध्ये मांडली तेव्हा पायऱ्या फार थोड्या होत्या. नवा आलेला कोवळ्या पावलांचा कब, मग एक तारा आणि मग दुसरा तारा. लांडग्याचे पिल्लू जन्मतः डोळे मिटलेले असते, त्यामुळे टोपीवर एक तारा आला की एक डोळा उघडला आणि दुसरा आला की दोन्ही उघडले, असा त्यामागचा भाव होता. कोणते पिल्लू आधी डोळे उघडते याची शर्यत त्यात अभिप्रेत नव्हती. 'आपल्याकडून होईल तितके पराकाष्ठेने कर' हे कबचे ब्रीदही त्याच भावातून आले आहे, आणि बॅजसाठी ज्ञानाची अमुक एक पातळी नव्हे तर मुलाने घेतलेले कष्ट पाहावेत, असे बेडन पॉवेल यांनी पथकप्रमुखांना स्पष्टपणे लिहून ठेवले आहे.

गाव आणि वर्षाचे वेळापत्रक

किनाऱ्यावरच्या पथकाचे वर्ष शाळेच्या दिनदर्शिकेवर चालत नाही, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा बोटी ओढून वर घेतलेल्या असतात, बाप्ये घरी असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि घरात मुलांकडे पाहायला मोठी माणसे असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की घरे रिकामी होऊ लागतात. लगेच गणपती येतात, चाकरमानी येतात, आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत पथकसभा घेण्याचा विचारही कोणी करू नये. पुढे दिवाळी, आणि होळीच्या आधीपासून शिमग्याची धांदल, ग्रामदेवतेची पालखी घरोघर. मग परीक्षा. या सगळ्यातून सलग, विनाखंड शनिवार मिळतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळात.

या पथकात मात्र प्रवेशाचे काम पावसाचा जोर ओसरल्यावर सुरू होत असे, दीक्षाविधी गणपतीनंतर, आणि प्रथम चरणाची चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी एका ठरलेल्या दिवशी सगळ्यांची एकदम. जे राहतील त्यांची फेरचाचणी डिसेंबरात. मिळालेले बॅज मात्र हातात पडायचे २२ फेब्रुवारीला, स्काउट-गाइडांच्या चिंतन दिनाच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या हस्ते. म्हणजे ऑक्टोबरात चाचणी उत्तीर्ण झालेल्या आठ वर्षांच्या मुलालाही त्याची खूण चार महिन्यांनी दिसत असे. सगळी पायरी ही अशी मोठ्या माणसांच्या सोयीने बांधलेली होती आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. शाळा दोन शिक्षकांची, त्यातील एकाकडे पथकाचे काम, आणि शिवाय शालेय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे. एकदम चाचणी घेतली की एकदाच काय ते कागद होतात, हे म्हणणे समजण्यासारखे होते.

मुलगा

मुलाचे वडील मोठ्या बोटीवर खलाशी आहेत. आई पहाटे बंदरावरच्या लिलावाला जाते आणि तिथून टोपली घेऊन आतल्या वाड्यांमध्ये विक्रीला. घरी आजी. मुलगा डावखुरा आहे, बोलायला बुजरा, पण हाताने चपळ. त्याची दीक्षा झाली तेव्हा त्याने वचन पाठ म्हटले होते आणि ते बरोबर म्हटले होते, असे अकेला सांगतात.

पहिल्या चाचणीत तो तीन ठिकाणी अडला. गाठीत, नियम म्हणताना, आणि सत्कृत्याच्या वहीत. फेरचाचणीत नियम म्हटला, पण गाठ पुन्हा चुकली आणि वही पुन्हा अपुरी निघाली. अकेलांच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'सराव हवा, घरून सहकार्य नाही' असा शेरा होता.

हे दोन्ही शेरे तपासून पाहणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

गाठ

मुलांना रीफ नॉट ही दोन टोके बांधायची गाठ शिकवताना 'उजवे डाव्यावर, मग डावे उजव्यावर' असे घोकून घेतले जाते. अकेला मुलांसमोर तोंड करून उभे राहत आणि दोरी हातात धरून करून दाखवत. समोरच्या मुलाला त्यांचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. बहुतेक मुले ऐकलेल्या शब्दांवर विसंबून निभावून नेतात. डावखुऱ्या मुलाचा हात मात्र आपसूक आधी डावे टोक उजव्यावर घेतो. त्यानंतर त्याने उजवे टोक डाव्यावर घेतले तर गाठ तितकीच बरोबर बसते, सपाट बसते आणि दोन्ही टोके आपापल्या दोरीला लागून समांतर राहतात. चूक तेव्हा होते जेव्हा दोन्ही वेळा एकाच बाजूचे टोक वर घेतले जाते. मग टोके आडवी बाहेर पडतात, आणि ओढ बसली की गाठ सरकते.

चाचणीच्या वेळी मदतीला आलेला तरुण मुलांचे हात पाहत होता, गाठ पाहत नव्हता. मुलाने पहिला वेढा डावीकडून घेताच त्याने 'चूक, आधी उजवे' म्हणून थांबवले. मुलाने पहिला वेढा तसाच ठेवून दुसरा वेढा घाईने फिरवून घेतला, आणि जी गाठ बरोबर बसणार होती ती या दुरुस्तीमुळे चुकली. फेरचाचणीतही हेच घडले. हे मला नंतर, मुलाला शेजारी बसवून, त्याच्याच वेगाने गाठ बांधायला लावल्यावर कळले. कोणी मध्ये बोलले नाही तेव्हा त्याने लागोपाठ बरोबर गाठ बांधली.

जानेवारीत अकेला आणि मी त्याच्या घरी गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. घरामागच्या पुळणीवर काका फाटलेले जाळे पसरून बसले होते आणि मुलगा त्यांच्या शेजारी सुई चालवत होता. आस, म्हणजे जाळ्याचे घर, मोजायच्या लाकडी पट्टीवरून सूत फिरवायचे, वरच्या आसातून सुई खालून वर काढायची, आसाच्या दोन्ही पदरांमागून वळवायची आणि आपल्याच सुताखालून ओढून आवळायची. गाठ बसली की पट्टी पुढे सरकवायची. एकेक गाठ बसायला दीर्घ श्वासाइतकाही वेळ लागत नव्हता, आणि बसलेली प्रत्येक गाठ मागच्या गाठीइतक्याच अंतरावर होती. ही शीट बेंड आहे. पथकात वेगवेगळ्या जाडीचे दोन दोर जोडण्यासाठी जी गाठ शिकवतात तीच, फक्त दोराऐवजी सुतात आणि फासाऐवजी जाळ्याच्या आसात. अकेलांनी खिशातून दोन दोऱ्या काढून त्याला शीट बेंड बांधायला सांगितली तेव्हा तो गप्प उभा राहिला. जाड दोरीचा फास करून तो त्याच्या हातात जाळ्यासारखा धरायला दिला, तेव्हा त्याने बारीक दोरी लगेच फिरवून आवळली आणि विचारले, "हीच?"

काकांनी रीफ नॉट हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि "ही दर्यात नाय चालायची, गुरुजी" असे सांगितले. त्यांचे म्हणणे शब्दशः बरोबर आहे. भार पेलणारे दोन दोर जोडायला ती गाठ वापरू नये, हे स्काउटलाही पुढे शिकवले जाते. जखमेवरच्या पट्टीची टोके बांधायला ती चांगली, कारण ती सपाट बसते आणि टोचत नाही. मुलांना हे कारण कधी सांगितलेच गेले नव्हते. कोळ्याच्या घरातल्या मुलाला गाठ का बांधायची हे कळल्याशिवाय ती डोक्यात कशी राहील?

वही

रोजच्या सत्कृत्याची नोंद वहीत करून त्यावर पालकांची सही आणायची, अशी पथकाची पद्धत होती. इतर मुलांच्या वह्या भरलेल्या होत्या. मी त्या चाळल्या तेव्हा बऱ्याच पानांवर एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या ओळी दिसल्या: आईला मदत केली, झाडाला पाणी घातले, आजोबांना चष्मा दिला. या मुलाच्या वहीत थोड्याच नोंदी होत्या आणि सही जवळपास नव्हती, कारण वडील दर्यात, आई पहाटेपासून बाहेर, आणि आजी सही करायला संकोचते. 'घरून सहकार्य नाही' या शेऱ्याचा अर्थ एवढाच होता.

आजीशी बोलल्यावर चित्र पालटले. "मना उठाया होत नाय पावसात. सगला पानी तोच भरतो, कुनी सांगाया लागत नाय," असे त्या म्हणाल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लावून येण्याचे कामही त्याचेच, आणि ते वहीत कुठेही नव्हते. विचारल्यावर मुलाने उत्तर दिले की ते सत्कृत्य नाही, ते तर रोजचेच आहे. हे वाक्य माझ्या मनात बराच काळ राहिले. जे मूल मदत करायला इतके सरावले आहे की ती त्याला नोंदण्याजोगीही वाटत नाही, ते मूल आमच्या चाचणीत सत्कृत्यात नापास ठरले होते.

गुणफलक

गाठ आणि वही यांमुळे मुलगा चाचणीत राहिला, पण पथक सोडले ते या दोन्हींमुळे नव्हे. वर्गाच्या भिंतीवर दोन्ही सिक्सचा गुणफलक लावलेला होता. स्वच्छता, हजेरी, वेळेवर येणे यांचे गुण, आणि त्यांच्यासोबत प्रत्येक उत्तीर्ण कबमागे सिक्सला गुण. फेरचाचणीनंतर याची सिक्स थोडक्यात मागे पडली. सिक्सर चौथीतला, हुशार आणि उत्साही मुलगा होता. त्याने सगळ्यांसमोर सांगितले की याच्यामुळे आपण हरलो. हे सांगताना त्याला वाईट वाटत होते आणि तो खोटेही बोलत नव्हता. फलकानेच त्याला तसे शिकवले होते.

सिक्स ही रचना लहान मुलाला आधार देण्यासाठी आहे. सहा जणांत प्रत्येकाला कोणीतरी ओळखते, मोठे मूल धाकट्याला सांभाळून घेते. वैयक्तिक पायरी गटाच्या गुणांना जोडली की हेच सहा जण त्याच्या पाठीवरचा भार मोजू लागतात. मोठ्या स्काउटांच्या वयात अशी स्पर्धा काही वेळा उपयोगी पडते, कारण ती मुले हरणे आणि आपली किंमत यांत फरक करू शकतात. आठ वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरे कारण हेच होते.

केलेले बदल

अकेलांनी सर्वांत आधी फलकावरून चरणांचे गुण काढून टाकले. स्वच्छता आणि वेळेवर येणे यांचे गुण तसेच ठेवले, कारण त्यांत सगळे मिळून काही करू शकतात. मुलांनी कारण विचारले तेव्हा चरण ज्याचा त्याचा असतो एवढेच सांगितले, आणि मुलांना ते पटले.

चाचणीचा ठरलेला दिवस रद्द झाला. ज्या मुलाला एखादी गोष्ट येते असे वाटेल त्याने सभेच्या सुरुवातीला 'अकेला, मला येते' असे सांगायचे, आणि त्याच सभेत ती पाहायची, अशी पद्धत सुरू झाली. पाहण्याची रीतही बदलली. गाठ म्हणून गाठ न पाहता, मित्राच्या गुडघ्यावर पट्टी बांधायला लावून ती सैल होते का, टोचते का, हे पाहायचे. ध्वजाच्या दोरीचा तुकडा जोडायला द्यायचा. हात कोणत्या बाजूने फिरतो हे पाहायचे नाही. गाठ शिकवताना अकेला आता मुलाच्या शेजारी बसतात, समोर उभे राहत नाहीत. डावखुऱ्या मुलांसाठी याहून मोठी सोय दुसरी नाही, आणि ती फुकट आहे.

सत्कृत्याच्या वहीतली सही गेली. तिच्या जागी दर शनिवारी वर्तुळात बसून प्रत्येकाने एक गोष्ट तोंडी सांगायची, नको असल्यास न सांगायची, आणि अकेलांनी हवे तर नोंद करायची. घरच्या माणसांशी बोलणे शक्य तेव्हा, शक्य तिथे. बंदरावर, लिलावानंतर, रेशनच्या रांगेत. पहिल्या काही शनिवारी मुले नेहमीचीच ठरीव वाक्ये बोलत होती. ती हळूहळू कमी झाली.

बॅज त्याच किंवा पुढच्या शनिवारी देण्याचे ठरले. चिंतन दिनाचा कार्यक्रम होतो, पण त्यात आता बॅज वाटले जात नाहीत, मुले आपापले काम दाखवतात.

मुलगा परत आला तो अकेलांनी बोलावले म्हणून नव्हे. अकेलांनी सिक्सरला शीट बेंड शिकायला त्याच्याकडे पाठवले होते, आणि दोघे मिळून दोऱ्या घेऊन सभेला आले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी त्याने रीफ नॉटने पट्टी बांधली, नियम म्हटला, आणि पुढच्या शनिवारी त्याच्या बाहीवर प्रथम चरणाचा बॅज आला.

आक्षेप

शाळेतील ज्येष्ठ शिक्षकांनी या बदलांवर जो आक्षेप घेतला तो गांभीर्याने घ्यायला हवा. त्यांचे म्हणणे असे की नियम सर्वांना सारखा असला पाहिजे. आज याच्यासाठी वही सोडली, उद्या दुसऱ्यासाठी गाठ सोडाल, आणि मग चतुर्थ चरणासाठी बाहेरचे परीक्षक येतील तेव्हा आपली मुले उघडी पडतील.

या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करण्यातच कबमास्टरचे कौशल्य आहे. चरणांमधील काही अपेक्षांत खरोखर प्रयत्न पाहायचा असतो: नियम म्हणणे, कागदकाम, गोष्ट सांगणे, टापटीप, बागकाम. एखाद्या मुलाने अडखळत म्हटलेला नियम दुसऱ्याच्या घडाघडा पाठांतराहून अधिक कष्टाचा असू शकतो. काही अपेक्षांत मात्र प्रयत्न पुरेसा नाही. खरचटलेली जखम स्वच्छ पाण्याने धुतली की नाही, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहिले की नाही, भरती चढत असताना खाडीच्या तोंडाशी उतरायचे नाही हे मुलाला पक्के ठाऊक आहे की नाही, याचे उत्तर होय किंवा नाही असेच असले पाहिजे. किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. पथकाने नेमके उलटे केले होते. पाठांतर आणि वहीची सही यांत कडकपणा ठेवला, आणि प्रथमोपचार 'सांगता आले की झाले' एवढ्यावर सोडला. बदलांनंतर प्रथमोपचार प्रत्यक्ष करून दाखवावा लागतो आणि तो येईपर्यंत चरण पूर्ण होत नाही. ज्येष्ठ शिक्षकांना ही विभागणी मान्य झाली. पुढच्या चाचण्यांसाठी सुरक्षिततेचा भाग त्यांनी स्वतःकडे घेतला आहे.

वरच्या पायऱ्यांबाबतची त्यांची काळजी तरीही रास्त आहे. चतुर्थ चरण आणि हीरक पंख यांच्या वेळी परीक्षक मुलाला ओळखत नसतात, त्याचा प्रवास त्यांना दिसत नाही, त्यामुळे तिथे एक समान मोजपट्टी लागणारच. मूल खालच्या पायऱ्यांवर स्वतःशी स्पर्धा करत वाढले असेल, तर अनोळखी माणसासमोर उभे राहण्याची सवय त्याला वेगळी द्यावी लागते. अकेला यासाठी तृतीय चरणाच्या मुलांना शेजारच्या गावातील पथकाच्या कबमास्टरसमोर उभे करतात. एवढ्याने भागेल असे मला वाटत नाही, पण दिशा बरोबर आहे.

जे साधले नाही

याच शाळेत बुलबुलांचा गटही आहे आणि त्यात एका नेपाळी राखणदाराची मुलगी होती. आंब्याच्या बागांची राखण करायला ही कुटुंबे हिवाळ्यात येतात आणि हंगाम संपला, पाऊस जवळ आला की निघून जातात. मुलगी मराठी झपाट्याने शिकली, कोमल पंखाचे बरेच काम तिने पूर्ण केले, आणि मेमध्ये तिचे कुटुंब गेले. राहिलेल्या दोन बाबी आधी घेता आल्या असत्या, पण तेव्हा एकदम चाचणीची जुनीच पद्धत बुलबुलांकडे चालू होती. बुलबुलांचे काम पाहणाऱ्या फ्लॉक लीडर बाईंनी तिच्या वहीत पूर्ण झालेल्या प्रत्येक बाबीपुढे तारीख घालून सही केली आणि वही तिला दिली. याहून अधिक त्या काही करू शकल्या नाहीत. पायऱ्यांची नोंद शाळेच्या कपाटात राहते आणि मूल गाव सोडते, अशी मुले कोकणात थोडी नाहीत: राखणदारांची, चिऱ्याच्या खाणींवर येणाऱ्या कामगारांची, दुसऱ्या राज्यांतून बोटींवर येणाऱ्या खलाशांची. प्रत्येक बाब पूर्ण होताच मुलाच्या स्वतःच्या वहीत नोंद झाली पाहिजे, हा नियम आता दोन्ही पथकांनी घेतला आहे.

दहाव्या वर्षाकडे

कब मुलाच्या हाती वेळ थोडा असतो. दहाव्या वर्षानंतर तो स्काउट विभागात जातो आणि तिथल्या पायऱ्या वेगळ्या असतात: प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. चरण सोपानात मोजले जात नाहीत, मुलगा तिथे पुन्हा प्रवेशापासून सुरुवात करतो. तिसरीत दीक्षा घेतलेल्या मुलाला चौथी संपेपर्यंत चारही चरण नीट पूर्ण करणे कोकणातल्या वर्षात जवळपास अशक्य आहे. त्यासाठी घाई केली की तीच एकदम चाचणी, तीच भरलेली वही परत येते. म्हणून पथकाने दोन निर्णय घेतले. प्रवेश दुसरीतच द्यायचा, आणि प्रवेशाचे सगळे काम जून-जुलैत करायचे, जेव्हा बोटी वर असतात आणि वडील घरी असतात. दीक्षाविधी नारळी पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी होतो. पहिल्याच वर्षी त्याला इतके वडील आले की वर्ग अपुरा पडला आणि विधी व्हरांड्यात घ्यावा लागला.

या प्रकरणातील मुलाने चौथीत द्वितीय चरण पूर्ण केला आणि तृतीय चरणाचे काम सुरू केले, पण ते संपले नाही. त्याला ते खुपले नाही. आपल्या सिक्समध्ये तो त्या वर्षी सिक्सर होता, आणि नव्या मुलांना गाठी शिकवण्याचे काम त्याच्याकडे होते. पाचवीसाठी तो ज्या माध्यमिक शाळेत गेला तिथे स्काउट पथक आहे. अकेलांनी तिथल्या स्काउटमास्टरांना त्याची वही दाखवली आणि एकच गोष्ट तोंडी सांगितली: मुलगा डावखुरा आहे, गाठ पाहा, हात पाहू नका.